ट्रिपलेटला दिलेला शब्द

साक्षीदार बाई खुर्चीपाशी आली, पण बसली नाही. कारकुनाने बायबल पुढे केलं, तिने त्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि ती तशीच उभी राहिली. काळी, उंच, वयाने वाकायला हवी होती पण न वाकलेली. डोक्यावर घट्ट बांधलेली टोपी, दोन्ही हातांत धरलेली कापडी पिशवी. “बस ना मावशी,” कारकून म्हणाला, “खुर्ची काही चावत नाही.” तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वर, न्यायासनाकडे बघत होती. “जज्जसाहेब बस म्हणाले की बसते,” ती म्हणाली. “मागच्या वेळी बसले होते, तर साहेबांनी उठवलं होतं.” कोर्ट हसलं. जुरीत बसलेले शेतकरी हसले, दोन्ही बाजूंचे वकील हसले, आरोपीच्या पिंजऱ्यातला पोरसुद्धा ओठांच्या कोपऱ्यातून हसला. म्हातारी गमतीची आहे, असं सगळ्यांनी आपापल्या मनात ठरवून टाकलं. जज्ज लेम्युएल टेनी मात्र हसले नाहीत. “बस,” ते म्हणाले, आणि आपला आवाज असा चिरका का आला, हे लपवायला त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

मग त्यांनी कागदावर तिचं नाव लिहिलं. डॉर्कस पेटिफर्ड. आगबोटीवरची स्वयंपाकीण. नावाखाली रेघ ओढली, कारण प्रत्येक साक्षीदाराच्या नावाखाली ते रेघ ओढत. साक्ष स्वतःच्या हाताने लिहून घ्यायची आणि शेवटी त्याच कागदावरून जुरीला खटला समजावून सांगायचा, ही त्यांची पद्धत होती आणि शहरात तिचा बोलबाला होता. टेनींचा कागद म्हणजे जुरीचे कान, असं वकील म्हणत. जुरीतली माणसं बिचारी गावाकडची. साक्षी चालू असताना त्यांचं निम्मं लक्ष घरच्या डुकरांकडे आणि मक्याकडे असायचं. जज्जसाहेब शेवटी सगळं नीट सांगतील, या भरवशावर ती निवांत असत. आणि साहेब जे वाचून दाखवत, तेच घडलं असं धरून ती निकाल देत. नाव लिहून झालं, रेघ ओढून झाली, बचावाचा वकील हॉबर्ट उठून उभा राहिला. कोर्टाच्या खालच्या मजल्यावर टपालकचेरी होती. तिथे शिक्के मारण्याचा धप्प धप्प आवाज चालू झाला होता.

मागच्या वेळी. मागची वेळ म्हणजे उत्तर-दक्षिणेच्या लढाईच्या आधीची, आणि लढाईच्या आधीचं सगळं या शहरात कुणी कुणाला विचारायचं नाही, असा एक न बोललेला करार होता. नदीच्या या काठाला सगळे जन्मापासून गुलामगिरीच्या विरुद्ध होते, असं आता प्रत्येक जण सांगतो. मग पलीकडच्या केंटकीवाल्यांना त्यांचे पळालेले गुलाम कोण परत धरून देत होतं, कोण जाणे. डॉर्कस तेव्हा इतकी शांत नव्हती. ती धावतच वर आली होती, धापा टाकत, एप्रनला पीठ तसंच. तिची मुलगी केझाया समोर उभी होती, मनगटं बांधलेली. पोरगी जेमतेम लग्नाच्या वयाची. नदीपलीकडचा एक मालक म्हणत होता की ही माझ्या घरात जन्मली, आईला माझ्या बापाने मुक्त केलं ते नंतर, म्हणजे पोर माझी. आई म्हणत होती, मी मुक्त होऊन नदी ओलांडली आणि मग ही झाली, या काठाला, या जमिनीवर. सगळा प्रश्न एवढाच होता. पोर नदीच्या कुठल्या काठाला जन्मली? हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती जिवंत होती आणि ती खुर्चीत येऊन बसली होती. तिने तोंड उघडलं होतं. “थंडीचे दिवस होते, साहेब—” एवढंच ती म्हणाली आणि मालकाचा वकील उठला. राज्याचा कायदा होता: गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष चालणार नाही. केझायाच्या वकिलाने, एका चष्मेवाल्या तरुणाने, जीव तोडून सांगितलं की हे राज्याचं कोर्ट नाही, देशाचं आहे, इथे जज्जसाहेबांनी ठरवलं तर तो कायदा बाजूला ठेवता येतो. टेनींना ते पटलंही होतं. अगदी त्या क्षणी, वकील बोलत असतानाच पटलं होतं, आणि हीच गोष्ट ते इतकी वर्षं स्वतःला विसरायला लावत आले होते. “बाई, खाली उतर,” ते म्हणाले. ती म्हणाली, “मी अजून काही सांगितलंच नाही.” ते म्हणाले, “कायदा माझ्या हातात नाही.”

“तर मावशी, तू कॉफी घेऊन वर गेलीस,” हॉबर्ट कुठूनतरी म्हणत होता, “सुकाणूच्या खोलीत. दार उघडं होतं?” “उघडं होतं,” डॉर्कस म्हणाली. टेनींनी टाक शाईत बुडवला. खटला साधाच होता, तसा. आगबोट कोळशाच्या तराफ्यावर आदळली, दोन खलाशी बुडाले, आणि बोट हाकणारा टोबी क्विन नावाचा पोर आता मनुष्यवधाच्या आरोपाखाली उभा होता. कॅप्टन लॅशने काल साक्ष दिली होती की पोर प्यायलेला होता, मी खाली जेवत होतो. पोर म्हणत होता, कॅप्टननेच मला ढकलून सुकाणूचं चाक हातात घेतलं, त्यांना दुसऱ्या बोटीशी लागलेली शर्यत जिंकायची होती. दोघांच्या शब्दात कुणाचा शब्द खरा? पोराच्या बाजूने बोलणारं एकच माणूस सापडलं होतं आणि ते आज आलं होतं. टेनींना हे सगळं माहीत होतं. ऐकलं पाहिजे, त्यांनी स्वतःला बजावलं. कायदा माझ्या हातात नाही. काय वाक्य होतं! वर्तमानपत्राने ते जसंच्या तसं छापलं होतं आणि दक्षिणेकडच्या दोन वर्तमानपत्रांनी न्यायाधीश असावा तर असा, म्हणून पाठ थोपटली होती. आणि कायदा हातात होता, एकदा अगदी हातात आला होता, तेव्हा लेम्युएल टेनी मूग गिळून बसले होते.

त्या वेळी ते जज्ज नव्हते, राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेलेले तरुण वकील होते. राजधानीच्या गावी चिखल, तंबाखूच्या पिचकाऱ्या आणि मिसेस स्प्रेगच्या खाणावळीतलं खारं डुकराचं मांस. होसिया ट्रिपलेट तिथेच राहायचा, समोरच्या खोलीत. विरोधी पक्षाचा, दक्षिणेकडच्या तालुक्यांचा, अगडबंब, बोलायला लागला की टेबलावरचे काटे-चमचे नाचायचे. “टेनी, तुझं भाषण म्हणजे उपास, खाऊन पोट भरत नाही,” तो म्हणायचा. “आणि तुझं म्हणजे अजीर्ण,” टेनी म्हणायचे. दिवसा सभागृहात एकमेकांना फाडून खायचं आणि संध्याकाळी एका दिव्याखाली सोंगट्या खेळायच्या. त्या हिवाळ्यात तो साक्षीचा कायदा रद्द करायचा ठराव आला. टेनींच्या मतदारसंघाच्या वरच्या भागात धार्मिक वळणाची माणसं होती, त्यांना यांनी शब्द दिला होता की ठरावाच्या बाजूने मत देईन. खालच्या भागात नदीकाठचे व्यापारी होते, ज्यांचा सगळा धंदा पलीकडच्या काठाशी. त्यांना असा शब्द दिला नव्हता, पण त्यांच्या बैठकीत मान हलवली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि नेमका तेव्हाच ट्रिपलेट तापाने अंथरुणाला खिळला. त्याने टेनींना बोलावून घेतलं. सभागृहाची जुनी रीत होती: एक जण आजारी पडला तर विरुद्ध बाजूच्या एकाने त्याच्याशी जोडी बांधायची, याला येता येत नाही तर मीही मत देणार नाही, म्हणजे कुणाचं पारडं जड नको. सद्गृहस्थांची रीत. कागद नाही, सही नाही, नुसता हातात हात. “मी नाही तर तूही नाही,” ट्रिपलेट म्हणाला. त्याचा तळवा तव्यासारखा तापला होता. टेनींनी हात दिला. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्यांना वाटलं होतं. वाटलं म्हणजे काय, जिना उतरताना ते शीळ घालत होते.

“पिकल्या टमाट्यासारखं तोंड झालं होतं कॅप्टनचं,” डॉर्कस सांगत होती. कुणीतरी हसलं. टेनींनी मान हलवली, जशी ते हलवत, ऐकतो आहे हे दाखवायला. मान हलवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मतदानाच्या दिवशी सकाळी ते ट्रिपलेटच्या खोलीत डोकावले होते. कशाला? तसं काही कारण नव्हतं. बरा असेल तर चल म्हणावं, असं काहीतरी. खोलीत शेगडी विझली होती. ट्रिपलेट पाठीवर पडला होता आणि त्याचं तोंड उघडं होतं, जणू पुढचं वाक्य ओठावर आलेलं. टेनींनी त्याच्या हाताला हात लावला. ज्या हातात हात दिला होता, त्याच हाताला. तो गार होता. नुसता गार नाही, कडक. ते तिथे किती वेळ उभे होते, हे त्यांना कधीच नीट आठवलं नाही. आठवतं ते असं की खिडकीच्या काचेवर बर्फाची जाळी होती आणि ते ती जाळी निरखत होते आणि त्यांच्या मनात शोक नव्हता. हिशेब होता. मेलेल्या माणसाशी जोडी राहत नाही, हे सभागृहातला नवखा सभासदही सांगेल. ट्रिपलेट मेला म्हणजे टेनी मोकळे. मोकळे म्हणजे आता नाव पुकारलं की उठून बोलायला हवं. हो किंवा नाही. सगळ्यांसमोर, वरच्या भागासमोर आणि खालच्या भागासमोर. त्यांनी दार ओढून घेतलं. खाली मिसेस स्प्रेग पावाला लोणी लावत होत्या. “कसे आहेत हो आज आमचे सिनेटर?” त्यांनी विचारलं. “लापशी नेऊ का वर?” “नको,” टेनी म्हणाले. “गाढ झोप लागली आहे. उठवू नका.”

उठवू नका! सभागृहात नावं पुकारली गेली. टेनी, असा पुकारा झाला. ते उठले आणि म्हणाले, “माझी सिनेटर ट्रिपलेट यांच्याशी जोडी आहे,” आणि बसले. आहे, म्हणाले. होती नाही. समसमान मतं पडली आणि समसमान मतांनी ठराव पडतो. त्यांचं एक मत पडलं असतं तर त्या दिवसापासून राज्यातल्या कुठल्याही कोर्टात काळ्या माणसाला तोंड उघडता आलं असतं. केझाया तेव्हा पाळण्यात असेल. दुपारी मिसेस स्प्रेग लापशी घेऊन वर गेल्या आणि किंचाळल्या. तो झोपेतच, अगदी थोड्या वेळापूर्वी गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरही त्या खाणावळीत जेवायचे, त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. आणि मग ती गोष्ट सुरू झाली, जी आजवर थांबली नाही. मरणाच्या दारात असलेल्या विरोधकाला दिलेला शब्द टेनींनी पाळला! स्वतःचं मत गिळलं, मतदारांचा राग ओढवून घेतला, पण शब्द मोडला नाही! वरच्या भागातली धार्मिक माणसंसुद्धा रागावली नाहीत. शब्दाला जागणारा माणूस म्हणाली. व्यापाऱ्यांनी तर डोक्यावर घेतलं. त्या एका गोष्टीवर ते वॉशिंग्टनला निवडून गेले आणि तिच्याच जोरावर न्यायासनावर आले. राष्ट्राध्यक्षांना नाव सुचवणाऱ्या माणसाने एवढंच लिहिलं होतं म्हणे, की हा तो ट्रिपलेटवाला टेनी. वकिलांच्या जेवणावळीत अजून कुणी ना कुणी उठतो, पेला उंच करतो आणि ती गोष्ट तरुणांना ऐकवतो. टेनी दर वेळी मान खाली घालतात. तो विनय समजला जातो. एकदा थिओडोशिया, त्यांची बायको, नाश्त्याला सहज म्हणाली, “अहो, तुम्ही झोपेत ‘उठवू नका’ म्हणता. कोण उठवतं तुम्हाला?” त्यांनी अंडं फोडलं आणि मीठ मागितलं. थिओडोशिया आता नाही. तिला सांगायला हवं होतं. पण तिनेही त्यांच्याशी लग्न केलं होतं ते ती गोष्ट ऐकूनच.

केझाया निकालाच्या दिवशीच, संध्याकाळच्या बोटीने पलीकडे गेली होती. पुढे तिला खाली दक्षिणेला विकलं, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. कापसाच्या मळ्यावर की आणखी कुठे, हे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. लढाई संपल्यावर कितीतरी आया वर्तमानपत्रांत चार ओळी छापून आणत होत्या, माझी मुलगी अमुक वर्षी अमुक ठिकाणाहून विकली गेली, कुणी पाहिली असेल तर कळवा. टेनी रोज सकाळी तो रकाना घाईघाईने चाळून पुढे जायचे. नाव दिसेल अशी भीती वाटायची, आणि दिसलं नाही की त्याहून वाईट वाटायचं. आज ती बाई समोर बसली आहे, आता कायदा बदलला आहे, आता तिला बोलता येतं, बोलू दे, भरपूर बोलू दे, असं त्यांच्या मनात आलं. तिने बोलावं आणि आपण ऐकावं, म्हणजे थोडंतरी—

“झालं, साहेब,” हॉबर्ट म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. सरकारी वकिलाने एकच प्रश्न विचारला, कॅप्टनने तुला कामावरून काढलं म्हणून तू हे सांगतेस ना, आणि डॉर्कस म्हणाली, “काढलं ते मी हे सांगते म्हणाले म्हणून. आधी सांगितलं, मग काढलं. उलटं नाही.” पुन्हा हशा. ती उतरली, मागच्या बाकाकडे गेली. टेनींनी खाली पाहिलं. कागदावर नाव होतं, नावाखाली रेघ होती आणि रेघेखाली काही नव्हतं.

पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते हे की, कुणाला कळणार आहे? जुरीला घरी जायची घाई होती, हॉबर्टला निकालाची खात्री होती, दोन्ही बाजूंची भाषणं आटोपशीर झाली. त्या वेळात त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. कॉफी, उघडं दार, टमाटा. टमाट्यासारखं तोंड कशाने, दारूने की रागाने? चाक कुणाच्या हातात होतं? हे ती म्हणाली असणारच. हॉबर्ट त्याशिवाय बसला नसता. पण म्हणाली असणार आणि म्हणाली यांत एका पोराचं आयुष्य होतं. अंदाजाने सांगता आलं असतं. हॉबर्टला आत बोलावून हळूच विचारता आलं असतं, तो काही बोलला नसता, जज्जच्या उपकाराखाली असणं कुणाला नको असतं? तेरी भी चूप, मेरी भी चूप. ते उठले. “जुरीतल्या सद्गृहस्थांनो,” त्यांनी सुरुवात केली. कॅप्टन लॅशची साक्ष त्यांच्या कागदावर ऐसपैस पसरली होती. ती त्यांनी वाचली, छान वाचली, शब्दन् शब्द. जुरीतला एक दाढीवाला मान डोलवत होता. टोबी क्विन पिंजऱ्याचा कठडा धरून ऐकत होता. पान संपलं. दुसऱ्या पानावर तिचं नाव होतं. “यानंतर,” टेनी म्हणाले, “डॉर्कस पेटिफर्ड.”

आणि थांबले. सगळे वाट बघत होते. त्यांना वाटलं, आता म्हणता येईल की ही बाई कामावरून काढलेली आहे, तिच्या साक्षीला जुरीने योग्य ते वजन द्यावं. एवढं एक वाक्य, आणि पुढे जायचं. कायद्यात बसलं असतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपली सरळ लाज वाटली. दुःख नाही, खंत नाही. लाज.

“मिसेस पेटिफर्ड,” ते म्हणाले. कारकुनाने चमकून वर पाहिलं. त्या बाईला या इमारतीत अशी हाक कुणी मारली नव्हती. “तुम्हाला पुन्हा पुढे यावं लागेल. मी तुमची साक्ष लिहिलेली नाही. मी ती ऐकलीच नाही.”

कोर्टात चुळबुळ झाली. हॉबर्ट अर्धा उठला. “साहेबांची प्रकृती बरी नसेल तर—”

“प्रकृती उत्तम आहे, मिस्टर हॉबर्ट. माझं लक्ष नव्हतं. जुरीने हे ध्यानात घ्यावं. बाई बोलत होत्या आणि न्यायाधीशाचं लक्ष नव्हतं.”

जुरीतला दाढीवाला शेजाऱ्याला म्हणाला, “म्हातारा झाला रे,” आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. डॉर्कस पुढे आली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही, रागही दिसला नाही. ती खुर्चीपाशी उभी राहिली.

“कुठून सांगू?” तिने विचारलं.

“पहिल्यापासून.”

“पहिल्यापासून?” ती म्हणाली. “मग केझायाच्या जन्मापासून सांगावं लागेल, साहेब. थंडीचे दिवस होते—”

सरकारी वकील ताडकन उठला. “साहेब, कोण केझाया? याचा या खटल्याशी काय संबंध?”

आता सगळे न्यायासनाकडे बघत होते. संबंध नव्हता. कायद्याने काडीचा संबंध नव्हता, आणि तसं म्हणणं हे त्यांचं काम होतं. पुन्हा एकदा तिला गप्प करायचं, आणि या खेपेला अगदी बरोबर ठरून. त्यांनी हात वर केला. तो वकिलाला बसवायला की तिला थांबवायला, हे त्यांचं त्यांनाही कळेना. हात तसाच राहिला. डॉर्कसने त्या हाताकडे पाहिलं.

“राहू द्या,” ती म्हणाली. “कॉफीपासून सांगते.”

“नाही,” टेनी म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता की मागच्या बाकांना ऐकू गेला नाही. “ते सांगा. मी ऐकतो.”

“ते ऐकून आता कुणाला सोडणार तुम्ही?” डॉर्कस म्हणाली. “या पोराचं लिहा.”